मलमपट्टीचा हुकूम

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्याच्या शेंड्यावर झेंडा बांधला जातो, आणि त्या झेंड्यासाठी एका काठावरून पांढुर्ण्याचे व दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक परस्परांवर दगड भिरकावतात, ही गोटमारीची गोष्ट आमच्या भागात कोणास नव्याने सांगावी लागत नाही. दूरचे लोक ती वर्तमानपत्रात वाचून हळहळतात, आम्ही ती लहानपणापासून पाहत आलो आहोत. तथापि ज्या बाजूस सर्वांचे डोळे लागलेले असतात त्या नदीकडे पाठ करून, जखमींना आणण्यासाठी उभारलेल्या मंडपाकडे तोंड करून, गोटमारीचा एक पूर्ण दिवस काढण्याचा योग मला एका वर्षी आला. आणि त्या दिवशी जे पाहिले त्यामुळे पुढील सर्व लिहिण्यास मी प्रवृत्त झालो आहे.

मंडपात डॉक्टर होते, अनुभवी परिचारिका होत्या, आणि त्यांच्या हाताखाली अठरा-एकोणीस वर्षांची, अजून शिक्षण पुरे न झालेली एक मुलगी होती. दुपारी बारानंतर माणसे येऊ लागली ती थांबेचनात. कोणाची भुवई फुटलेली, कोणाच्या डोक्यातून रक्ताची धार कानामागून सदऱ्यात उतरलेली, कोणी हाताचे मनगट दुसऱ्या हाताने सांभाळीत आलेला. ती मुलगी कापसाने जखम धूत होती, कात्रीने केस कापून देत होती, टाके घालणाऱ्यांच्या हाती एकेक वस्तू देत होती. प्रथम तिचा हात कापत होता, तीनच्या सुमारास तो कापेनासा झाला. एक तरुण पट्टी बांधून होताच उठला आणि पुन्हा नदीकडे धावला, तेव्हा तिने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी विसरू शकलेलो नाही. तीत रागाचा लवलेश नव्हता. आपण आत्ता जे केले ते कशासाठी केले हे न उमगल्याचा निखळ गोंधळ तीत होता.

त्याच रात्री सौंसरला घरी परतल्यावर, नागपूरला परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या आणि सणासाठी घरी आलेल्या माझ्या नातीने तिच्या संगणकावर एक जुना कृष्णधवल जपानी चित्रपट लावला. ‘हिमेयुरी नो तो’, म्हणजे हिमेयुरीचे स्मारक. तादाशी इमाई या दिग्दर्शकाने १९५३ साली तो काढला. मी तो दमलेल्या डोळ्यांनी पाहू लागलो आणि शेवटपर्यंत उठू शकलो नाही, कारण दुपारी मंडपात पाहिलेली नजर पडद्यावर शेकडो पटींनी मोठी होऊन मला पुन्हा भेटली.

त्या चित्रपटामागील इतिहास थोडक्यात असा. १९४५ सालच्या मार्च महिन्यात, अमेरिकेचे आरमार ओकिनावा बेटाला वेढा घालून तोफा डागू लागले असता, तेथील पहिली मुलींची माध्यमिक शाळा आणि स्त्रियांचे अध्यापन विद्यालय या एकाच आवारातील दोन संस्थांमधील २२२ विद्यार्थिनी व १८ शिक्षक यांना २३ मार्चच्या रात्री हाएबारू येथील लष्करी रुग्णालयात हजर होण्याचा हुकूम झाला; हेच हिमेयुरी पथक. मुलींची वये पंधरा ते एकोणीस. रुग्णालय म्हणजे रेडक्रॉसचे निशाण लावलेली इमारत, पांढऱ्या चादरी आणि थोड्या दिवसांची सेवा अशी त्यांची समजूत होती, आणि म्हणून कित्येकींनी आपल्या सामानात पाठ्यपुस्तके व लेखनसाहित्य घेतले होते. प्रत्यक्षात ते रुग्णालय टेकडीच्या पोटात खणलेल्या भुयारांचे होते. तेथे पोहोचल्यावर सहाच दिवसांनी, २९ मार्चच्या रात्री, तोफांच्या गडगडाटात मेणबत्तीच्या उजेडात त्यांचा पदवीदान समारंभ उरकण्यात आला. शाळेचे दप्तर अशा रीतीने बंद झाले आणि भुयाराचे उघडले.

त्या भुयारांत मुलींनी कोणती कामे केली हे सांगताना लेखणीने संकोच करू नये, कारण संकोचाच्या आडोशानेच अशा गोष्टी पुनःपुन्हा घडतात. भूल पुरेशी नसताना सैनिकांचे हातपाय कापले जात आणि मुली ते अवयव धरून ठेवीत. कापलेले अवयव बाहेर नेऊन पुरण्याचे कामही त्यांच्याकडेच असे. जखमांतील किडे वेचणे, मलमूत्राची भांडी उचलणे, गोळीबाराच्या विसाव्यात विहिरीवरून पाणी व दूरच्या स्वयंपाकाच्या जागेहून भाताचे गोळे आणणे, मेलेल्यांना खड्ड्यात लोटणे, हा त्यांचा नित्यक्रम होता. परिचर्येचे शास्त्र त्यांना कोणी नीट शिकविले नव्हते. त्यांच्याच वयाच्या आणि त्याहून लहान मुलांनाही निराळ्या पथकांत घालून निरोपे म्हणून तोफांच्या माऱ्यात धाडण्यात आले होते. ज्या राज्यसत्तेने शाळा बांधल्या तिनेच शाळेच्या हजेरीपटाचा उपयोग भरतीच्या यादीसारखा केला.

इमाईचा चित्रपट या सर्वांकडे स्थिर नजरेने पाहतो. तो काढला गेला तेव्हा जपानवरील परकी अंमल संपून वर्षही झाले नव्हते, आणि ओकिनावा बेट तर १९७२ पर्यंत अमेरिकेच्याच ताब्यात राहिले, त्यामुळे त्या भूमीवर चित्रण करणे शक्य नव्हते आणि सारी भुयारे दूरच्या स्टुडिओत उभारावी लागली. असे असूनही पडद्यावरचा चिखल खरा वाटतो, पाऊस खरा वाटतो, आणि मधल्या क्षणभराच्या विसाव्यात त्या मुली पुन्हा शाळकरी मुलींसारख्या हसतात, तेव्हा पाहणाऱ्याच्या छातीत कळ उठते. त्यात विद्यार्थिनीचे काम करणाऱ्या क्योको कागावा या अभिनेत्रीने पुढे कित्येक वर्षांनी वाचलेल्या स्त्रियांच्या भेटी घेऊन त्यांच्यावर एक पुस्तक लिहिले. पडद्यावर एखादीचे मरण जगलेल्या नटीला त्या मरणाचे ऋण आयुष्यभर जाणवत राहावे, यात त्या चित्रपटाच्या सच्चेपणाची मोठी साक्ष आहे.

तरी सर्वांत दारुण भाग पुढेच आहे. मे महिन्याच्या अखेरीस सैन्य दक्षिणेकडे मागे हटले. चालू न शकणाऱ्या जखमींना मागे टाकून मुलींनाही त्या वाटेने नेण्यात आले. आणि १८ जून १९४५ रोजी, जेव्हा बेटाच्या दक्षिण टोकावर सर्व बाजूंनी गोळ्यांचा पाऊस पडत होता, तेव्हा पथक विसर्जित झाल्याचे त्यांना कळविण्यात आले: यापुढे ज्याने त्याने आपला मार्ग पाहावा. दुसऱ्याच दिवशी इहारा येथील एका गुहेत शत्रूने केलेल्या माऱ्यात धुराने गुदमरून आत असलेल्यांपैकी बहुतेक सर्वजण गेले. भरती झालेल्या २४० जणांपैकी १३६ जण या लढाईत मरण पावले, आणि त्यांतील शंभराहून अधिक मरणे त्या विसर्जनाच्या हुकुमानंतरच्या थोड्या दिवसांतली आहेत.

हा प्रसंग पडद्यावर चालू असताना माझ्या नातीने विचारले, “आबा, यांना घरी जा म्हणून आधीच कोणी का नाही सांगितलं?” मी तिला उत्तर देऊ शकलो नाही. उत्तर इतके साधे आहे की ते मुलाबाळांपुढे उच्चारण्याची लाज वाटते: घरी जाणे शक्य होते तेव्हा त्या उपयोगाच्या होत्या, आणि उपयोग संपला तेव्हा घर उरले नव्हते. बोलाविण्याचा हुकूम आणि सोडून देण्याचा हुकूम एकाच लेखणीने लिहिलेले होते. त्या लेखणीचा हात जर पाहणाऱ्याच्या दृष्टीआड झाला, तर असा चित्रपट कितीही अश्रू काढो, तो अर्धेच सत्य सांगतो असे माझे मत आहे.

दृष्टीआड होण्याचा हा धोका काल्पनिक नाही. हिमेयुरीवर पुढे १९६८ साली सायुरी योशिनागा या लोकप्रिय नटीला घेऊन चित्रपट निघाला, १९८२ मध्ये स्वतः इमाईनेच आपला चित्रपट नव्याने केला, १९९५ मध्ये आणखी एक आला. आणि इतक्या वेळा सांगितल्या जाणाऱ्या कथेला फुलाचे रूप येत जाते. नावही तसेच. हिमेयुरी म्हणजे एक प्रकारचे रानलिलीचे फूल असे जगास वाटते. वस्तुतः त्या नावाचा उगम दोन्ही शाळांच्या मासिकांच्या नावांच्या जोडणीत आहे, आणि फुलाशी त्याचा संबंध योगायोगाचा आहे. परंतु फुलाची प्रतिमा सोयीची असते. फूल खुडले गेले असे म्हटले की कोणी खुडले हा प्रश्न असभ्य वाटू लागतो. आपल्या मराठीतही कोवळ्या मुलीच्या मृत्यूची बातमी देताना कळी कोमेजल्याचे लिहिण्याची रीत आहे, आणि मी स्वतः तरुणपणी तशी वाक्ये लिहिली आहेत. आज मला ती लिहिवत नाहीत. म्हणूनच १९८९ साली ओकिनावात त्या मुलींच्या स्मरणार्थ उघडलेले शांतिसंग्रहालय मला अधिक मोलाचे वाटते, आणि २००७ सालचा तो अनुबोधपट तर सर्वांहून मोलाचा, ज्यात नटनट्या नाहीत, वाचलेल्या बावीस स्त्रिया आपल्या त्या त्या जागी उभ्या राहून आपल्या शब्दांत काय घडले ते सांगतात. फूल बोलत नाही, त्या बोलतात.

आता आपल्याकडे वळू. युद्धातील परिचर्येवर मराठी माणसाने काढलेला सर्वांत प्रसिद्ध चित्रपट म्हणजे शांतारामबापूंचा १९४६ सालचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’. चीनवर जपानने आक्रमण केले असता राष्ट्रसभेने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक धाडले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, आणि आमच्या भागातील वाचकांना विशेष आपुलकीने आठवावे असे नागपूरचे डॉ. चोळकरही होते. त्या वेळी नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडाची राजधानी होती आणि सौंसर-पांढुर्ण्याचे सारे कागद तिकडच्याच कचेऱ्यांत जात. तेव्हा चोळकरांना आमचेच म्हणण्याचा आम्हांस हक्क आहे. कोटणीस परत आले नाहीत. तेथील रुग्णालयाची धुरा वाहता वाहता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले.

त्या चित्रपटात जयश्रीबाईंनी रंगविलेली चिनी परिचारिका चिंगलान ही प्रेक्षकांच्या मनात कोटणीसांची पत्नी म्हणून राहिली, आणि शेवटी तर ती सोलापूरच्या घराचा उंबरठा ओलांडणारी सून म्हणून आपल्यापुढे येते. त्या दृश्याने माझ्या पिढीला रडविले. परंतु प्रत्यक्षातील ग्वो छिंगलान ही परिचर्या शिकलेली, परिचर्या शिकविणारी, पंचविशीतली प्रौढ स्त्री होती; तिने ते युद्धक्षेत्र समजून-उमजून पत्करले होते, आणि पतीच्या मृत्यूनंतर ती जवळजवळ सत्तर वर्षे, २०१२ पर्यंत, जगली. तिच्या ज्ञानाची, तिच्या शिकविण्याची गोष्ट पडद्यावर क्वचितच दिसते. दिसते ती तिची माया. मी हे शांतारामबापूंना दोष देण्यासाठी लिहीत नाही. गुलामीतल्या राष्ट्राला त्या दिवसांत त्यांनी जो धीर दिला तो थोर होता. पण परिचारिकेची विद्या झाकून तिचे वात्सल्य उजळण्याची सवय तेथेही आहे, आणि एकदा का परिचर्या ही विद्या न राहता स्त्रीचा जन्मजात स्वभाव ठरली, की मग तिला शिक्षण कशाला, वेतन कशाला, आणि वयाची अट तरी कशाला, अशा पायऱ्यांनी आपण ओकिनावाच्या भुयारापर्यंत उतरू शकतो. पंधरा वर्षांच्या मुलींना शस्त्रक्रियेच्या मेजापाशी उभे करणाऱ्यांच्या मनात हाच तर्क होता: मुली आहेत, सेवा त्यांना आपोआप येईल.

येथे एक आक्षेप उभा राहील आणि तो वजनदार आहे. झाशीच्या राणीचे नाव धारण करून १९४३ साली सिंगापुरात आझाद हिंद सेनेची जी स्त्रियांची पलटण उभी राहिली, तीत मलाया आणि ब्रह्मदेशातील कित्येक मुली विशीच्या आतल्या होत्या, आणि कॅप्टन लक्ष्मी यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी बंदुकीचे शिक्षण घेतले तसे ब्रह्मदेशातील रुग्णालयांत जखमींची शुश्रूषाही केली. त्यांच्या त्यागाला कमी लेखणारा मी कोण? त्यांतील बहुसंख्य रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ कुटुंबांतून आलेल्या होत्या, आणि ज्या भारतभूमीसाठी त्या निघाल्या ती त्यांतील अनेकींनी कधी डोळ्यांनी पाहिलीही नव्हती. त्या आपण होऊन आल्या होत्या. शाळेचा हजेरीपट पुकारून त्यांना आणले नव्हते. हुकुमाने आलेली मुलगी आणि संकल्पाने आलेली तरुणी यांत जे अंतर आहे ते मी मान्य करतो, किंबहुना त्याच अंतरावर माझे म्हणणे उभे आहे. तरीसुद्धा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या संकल्पावर सही घेण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी दहा वेळा थांबले पाहिजे. त्या वयातील मन उदात्ताच्या हाकेला ओ देते, हा त्याचा दोष नव्हे. ती हाक मारणाऱ्याची जबाबदारी मात्र त्यामुळे दुणावते.

ही जबाबदारी कशी निभवावी याचा आदर्श महाराष्ट्रात शोधण्यास दूर जावे लागत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले असता सावित्रीबाई फुले, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, डॉक्टर मुलाने उघडलेल्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याकडच्या वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले. तोच रोग त्यांना जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. ज्या बाईने आयुष्यभर मुलींच्या हाती पाटी-लेखणी दिली, तिने मृत्यूच्या वेळी त्या मुलींना पुढे केले नाही. म्हाताऱ्या खांद्यावर लहान मूल घेतले. हेच सेवेचे नैसर्गिक वळण होय. मोठ्याने लहानास उचलावे. ओकिनावात ते उलटे झाले. तेथे वेडावलेल्या मोठ्यांना शाळकरी मुलींनी आपल्या खांद्यांवर वाहिले. त्या चित्रपटाने माझ्या मनावर जो आघात केला तो या उलट्या चित्राचा होता.

आणि पुन्हा मला जाम नदीकाठचा तो मंडप आठवतो. गोटमार हे युद्ध नव्हे हे मी जाणतो. पांढुर्णा व सावरगाव यांच्यात वैर नाही, सोयरिकी आहेत, आणि संध्याकाळी झेंडा चंडीमातेच्या देवळात गेल्यावर दगड मारणारे हात एकमेकांच्या खांद्यावर पडतात. पण जखम ही जखमच असते. दर वर्षी शेकडो माणसे रक्तबंबाळ होतात, काहींचे डोळे गेले, कित्येक घरांतील माणसे कायमची गेली. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, जमावबंदीचे हुकूम काढून पाहिले, पण नदीचे पात्र दगडांनी भरायचे ते भरलेच. अंतिमतः सरकार काय करते? मलमपट्टीची तजवीज करते. मंडप, खाटा, रुग्णवाहिका, टाके आणि एक कोवळी मुलगी. हानी थांबविता येत नाही म्हणून ती पुसण्याची व्यवस्था मोठी करीत जाणे, आणि त्या व्यवस्थेला सेवा म्हणून गौरविणे, ही वृत्ती मला त्या भुयारांची दूरची नातेवाईक वाटते.

दंतकथा तर आम्हांला उलट धडा देते. पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडीत असता दोन्ही गावांच्या दगडांत सापडून ती दोघे पात्रातच गतप्राण झाली, आणि मग शरमिंद्या झालेल्या दोन्ही गावांनी त्यांचे देह देवीपुढे नेले, अशी ती कथा आहे. म्हणजे या उत्सवाच्या मुळाशी एका मुलीचा देह आणि गावाची शरम आहे. शरम विसरून दगड तेवढे जपणे ही परंपरेची निष्ठा कशी म्हणावी? पळसाचे झाड राहो, झेंडा राहो, देवीचा जयजयकार राहो. त्या दोघांच्या स्मरणार्थ दोन्ही गावांनी मिळून तो झेंडा नदीतून देवळापर्यंत न्यावा, यात परंपरेचा भंग नाही, तिची पूर्ती आहे.

२०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात आली. नव्या जिल्ह्याने आपल्या पहिल्या पिढीला काय शिकवावे हे ठरविण्याची ही वेळ आहे, आणि म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट मांडतो. अठरा वर्षांखालील एकही मूल, मुलगा वा मुलगी, गोटमारीच्या पात्रात वा जखमींच्या मंडपात नसावे, आणि याची हमी सरकारी हुकुमाच्या आधी दोन्ही गावांच्या वडीलधाऱ्यांनी द्यावी. मंडपातील काम पूर्ण शिकलेल्या, पुरेशा वेतनाच्या परिचारिकांकडेच असावे. शिकाऊ मुलींना शिकण्यासाठी रुग्णालये आहेत, आम्ही हौसेने फोडलेली डोकी नव्हेत. आणि पोळ्यापूर्वीच्या आठवड्यात सौंसर व पांढुर्णा येथील शाळांतून, वरच्या वर्गांतील मुलींसाठी आणि त्यांहून आग्रहाने मुलांसाठी, इमाईचा तो १९५३ चा चित्रपट दाखवावा. मुलींना परिचर्येचे मोल कळेल. पण मुलांना हे कळणे अधिक निकडीचे आहे की आपल्या हातून सुटलेला प्रत्येक दगड अखेर कोणा मुलीच्या हातातील कापसापर्यंत जाऊन पोहोचतो.

त्या दिवशी संध्याकाळी मंडप उठत असताना ती शिकाऊ मुलगी पाण्याच्या टाकीपाशी बराच वेळ हात धूत उभी होती. मी जवळून गेलो तेव्हा माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून तिने विचारले, “काका, पुढच्या वर्षी पण असंच असतं का?” तिला मी तेव्हा काही बोललो नाही. नातीच्या प्रश्नाला उत्तर देण्याची वेळ ऐंशी वर्षांपूर्वी दूर देशात निघून गेली. या मुलीच्या प्रश्नाची वेळ अजून आमच्या हातात आहे, आणि तिला ‘नाही’ असे सांगता यावे एवढ्यासाठी हे सारे लिहिले.